उलाळ गाडीचे वकील

घरदार चाकांवर चढवून आल्प्सपासून ॲड्रिआटिकच्या किनाऱ्यापर्यंत उन्हाळा घालवण्याची जी हौस जर्मनीत मुरलेली आहे, ती तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही आता लागली आहे, आणि हौसेमागोमाग तत्त्वज्ञानही यावे, या सृष्टिनियमास अनुसरून त्यांच्यातील एका विद्वान गृहस्थांनी मोटरहोमच्या पाठीमागील कॅरियरविषयी आपले मत चारचौघांत मोठ्या अधिकारवाणीने मांडण्याचा प्रघात पाडला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात देतो. विस्ताराने द्यावे इतके ते मुळात नाहीच. जो हुक दोन टनांचा ट्रेलर ओढतो, त्याला शंभर-सव्वाशे किलोंच्या स्कूटरचे भय दाखवणे हास्यास्पद आहे. कॅरियरवर कोरलेला आकडा कारखानदाराने कज्जेदलालीच्या भीतीने निम्मा करून लिहिलेला असतो. गाडीचे एकूण वजन ३५०० किलोंच्या आत असले की कायदा तृप्त आणि आपण निश्चिंत. किलो हा किलोच असतो, तो पुढे ठेवला काय आणि मागे ठेवला काय. आणि सर्वांत निर्णायक पुरावा म्हणजे इतकी वर्षे ते असेच हिंडत आहेत व काही झालेले नाही.

यांपैकी बहुतेकांचा निकाल एकेका वाक्यात लागण्यासारखा आहे. ओढणे आणि उचलून धरणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि हुकाच्या पाटीवर त्या दोहोंचे आकडे स्वतंत्र असतात. दोन टन ओढणाऱ्या हुकाच्या गोळ्यावर उभा भार बहुधा १०० किलोंच्या आसपासच मान्य असतो, परंतु पाटी वाचण्यासाठी गाडीमागे वाकावे लागते आणि विद्वत्तेला वाकणे जड जाते. कारखानदाराने आकडा निम्मा केला असेल, तर ती सूट त्याने रस्त्यातील खड्ड्यांसाठी राखून ठेवलेली आहे, आपल्या स्कूटरसाठी नव्हे. आणि काही झाले नाही, हा पुरावा तर ज्याचे अद्याप काही झालेले नाही अशा प्रत्येक माणसापाशी असतोच.

परंतु ‘किलो हा किलोच’ हे जे त्यांचे आवडते वचन आहे, त्याला मात्र मी एका वाक्यात सोडणार नाही, कारण सगळ्या गैरसमजाचे मूळ तेथे आहे. ज्या पूर्वजांच्या शेतीचा अभिमान हे गृहस्थ प्रत्येक दिवाळी संमेलनात सांगतात, त्यांच्या घरातील कोणत्याही गड्याला बैलगाडी भरताना पोती कणावरून मागे सरकली की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसू लागतो, हे न शिकवता कळत होते. तेवढ्यासाठी त्याला आर्किमिडीजची तरफ पाठ करावी लागली नाही. मोटरहोमला बैल नाहीत, म्हणून तिला तरफही नाही, अशी आमच्या स्नेह्यांची समजूत झालेली दिसते.

हिशेबच मांडून पाहू. युरोपात मोटरहोमसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फियाट ड्युकाटोच्या लांब सांगाड्यात पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील अंतर ४०३५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरांहून किंचित अधिक असते, आणि सात-सव्वासात मीटरांच्या गाडीत मागच्या एक्सलच्याही पलीकडे दोन-सव्वादोन मीटर घर लटकत असते. त्या घराच्याही मागे कॅरियर, आणि कॅरियरवर स्कूटर. समजा, कॅरियरसह स्कूटरचे वजन १२० किलो आणि तिचा मध्य मागच्या एक्सलपासून २.७ मीटर दूर. आता १२० ला २.७ ने गुणून ४.०३५ ने भागा: सुमारे ८० किलो येतात. हे ८० किलो पुढच्या एक्सलवरून उचलले जातात आणि मूळच्या १२० मध्ये मिळून मागच्या एक्सलवर २०० होऊन बसतात. ज्यांनी १२० ठेवले त्यांच्या मागच्या चाकांकडून २०० ची वसुली होते, आणि त्या वसुलीची पावती कोणी देत नाही.

पुढे आणखी पाहा. ड्युकाटोच्या ३५०० किलोंच्या हलक्या सांगाड्यात पुढच्या एक्सलला १८५० आणि मागच्याला २००० किलोंची मर्यादा असते. या दोहोंची बेरीज ३८५० होते, म्हणजे एकूण मर्यादेहून अधिक, आणि त्यामुळे उतावळ्या वाचकाला वाटते की एक्सलांकडे मुबलक शिल्लक आहे, तेव्हा एकूण वजन सांभाळले की पुरे. समजा, प्रवासास सज्ज झालेल्या गाडीचे वजन ३३८० किलो भरले, त्यांपैकी १४८० पुढे आणि १९०० मागे. स्कूटर चढवली. एकूण झाले नेमके ३५००. आमचे गृहस्थ मिशीवर ताव देतात. पण मागच्या एक्सलवर झाले २१००, म्हणजे मर्यादेच्या १०० किलो वर, आणि पुढे राहिले १४००. एकाच गाडीने एकूण वजनाचा नियम अक्षरशः पाळला आणि एक्सलचा नियम त्याच क्षणी मोडला. टायरांचे प्रकरण याहून निराळे नाही. टायरच्या कडेवर १०९ हा भारांक असेल तर एका टायरने १०३० किलो पेलायचे असतात, दोघांनी मिळून २०६०, आणि आपण तेथे २१०० नेऊन ठेवले आहेत. हे टायर ऑगस्टच्या उन्हात मोटारमार्गावर तासन् तास धावणार असतात, हे निराळे सांगायला नको.

आणि पुढून जे ८० किलो गेले त्यांचे काय? ड्युकाटोला ओढतात तिची पुढची चाके, वळवतात तीच चाके, आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. ओल्या गवताच्या तळावर सकाळी गाडी काढताना पुढची चाके जागच्या जागी फिरून चिखल उडवू लागली की शेजाऱ्यांना धक्का मारण्यासाठी हाका जातात. तेव्हा दोष पावसाला दिला जातो, गवताला दिला जातो, तळाच्या व्यवस्थापकाला दिला जातो, मागे ऐटीत उभ्या असलेल्या स्कूटरला मात्र नाही. शिवाय गाडीचे टोक हे तिच्या मध्याइतके शांत कधीच नसते. खड्ड्यात मागची चाके उसळली की शेपटाची उसळी चाकांहून मोठी असते, आणि जेथे ६० किलो स्थिर असतात तेथे क्षणभर त्याच्या दुपटीने ओढ बसू शकते. सायकलींचे जे कॅरियर थेट मागच्या भिंतीला बोल्टांनी जडवलेले असतात, त्यांच्या बाबतीत तर ही ओढ कोण सोसते, हे पाहण्यासारखे आहे: अनेक गाड्यांची ती भिंत म्हणजे दोन पातळ पत्र्यांच्या मधोमध भरलेला फोम आणि लाकडाच्या पट्ट्या. ती एकदम कोसळत नाही, एवढ्यावरून आमचे गृहस्थ ती भक्कम आहे असे समजतात. प्रत्यक्षात बोल्टाची भोके हळूहळू सैल होतात, पाणी आत शिरते, आणि दोन हिवाळ्यांनी आतील लाकूड बोटाने दाबले तरी दबते. ‘काही झाले नाही’ या वाक्याचा उत्तरार्ध पुष्कळदा असा भिंतीच्या आत लिहिला जात असतो.

याच पक्षाशी पूर्वी पाण्याच्या टाकीवरून झालेला वाद मला येथे आठवतो. गाडीच्या कागदावरचे वजन म्हणजे वेदवाक्य, असे तेव्हाही त्यांचे म्हणणे होते. त्या वजनात ७५ किलोंचा एक चालक धरलेला असतो, इंधनाची टाकी ९० टक्के भरलेली धरतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत टाकी १०० लिटरांची असली तरी कित्येक कारखानदार प्रवासाचे पाणी अवघे २० लिटर धरून हिशेब जुळवतात, हे मी दाखवून दिल्यावर त्यांनी विषय कॉफीकडे वळवला होता. त्यांत भर म्हणजे युरोपीय नियमांनी कागद आणि प्रत्यक्ष यांत ५ टक्क्यांपर्यंत तफावतीस मुभा दिली आहे. ३००० किलोंच्या गाडीत ती १५० किलो होते. स्कूटर कॅरियरसह, वर बायकोची सगळी पुस्तके, एवढे सामान गाडी दुकानातून बाहेर पडण्याआधीच कोणीतरी भरून ठेवलेले असू शकते. हवेचे फुगे बसवून शेपूट वर उचलण्याचा जो नवा उपाय ते हल्ली सुचवतात, त्याने गाडी सरळ दिसते खरी, पण एक्सलवरचा एक किलोही त्यामुळे कोठे जात नाही, आणि सांगाड्याच्या पाटीवरील आकडा रीतसर तपासणी व दस्तऐवजाशिवाय बदलत नाही.

मग करावे काय? माझे म्हणणे साधे आहे आणि त्यात पांडित्य दाखवण्यास फारसा वाव नाही. कॅरियरला एकच मर्यादा नसते. कॅरियरची, त्याच्या बोल्टांची आणि भिंतीची, मागच्या एक्सलची, टायरांची व गाडीच्या एकूण वजनाची अशा अनेक मर्यादांतील जी सर्वांत आधी भरते, तीच खरी. ती कळण्यासाठी माणसे, पाणी, गॅसच्या टाक्या यांसह पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन आधी सबंध, मग एकेक एक्सल असे वजन घ्यावे, आणि मगच वरच्या रीतीने गुणाकार-भागाकार करावा. विजेच्या सायकली असतील तर त्यांच्या बॅटऱ्या काढून दोन एक्सलांच्या मध्ये खाली ठेवाव्यात. जड डबेही तेथेच. स्कूटर एवढी प्राणप्रिय असेल, तर तिच्यासाठी लहान ट्रेलर घ्यावा: ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर साध्या परवान्यावरही चालतो, तो आपला भार आपल्या चाकांवर वाहतो, आणि आमच्या स्नेह्यांच्या त्या दोन टनी हुकाला अखेर ज्या कामासाठी तो घडवला तेच काम मिळते. ट्रेलर जोडल्यावर जर्मन मोटारमार्गावर विशेष मंजुरीवाचून ताशी ८० किलोमीटरांच्या वर जाता येत नाही, ही त्यांची तक्रार मात्र रास्त आहे आणि तिच्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.