वाघिणीच्या गुहेपाशी

मुलांनो, वाघिणीच्या पाठीवर बसून कुणी डोंगरावर उडत गेल्याचं ऐकलंय का? भूतानमधल्या मुलांना विचारा, ती लगेच सांगतील. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव असे वाघिणीवर बसून पारोच्या कड्यावर आले नि तिथल्या गुहेत ध्यानाला बसले, अशी कथा आहे. म्हणून त्या जागेचं नाव तक्त्संग, म्हणजे वाघिणीची गुहा. १६९२ मध्ये गुहेभोवती बौद्ध मठ बांधला गेला.

मी भूतानमध्ये शिकवत होते, तेव्हा एका शनिवारी शाळा सुटल्यावर पारोला गेले. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आणि त्याचे आजोबा सोबत होते. रविवारी पहाटेच चढायला लागलो. मठ आहे ३१२० मीटर उंचीवर. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, बरं का! वाटेवर पाच रंगांच्या पताका फडफडत होत्या. निळी आकाशाची, पांढरी वाऱ्याची, लाल अग्नीची, हिरवी पाण्याची आणि पिवळी पृथ्वीची. मला वळणावळणावर धाप लागत होती. आजोबा मात्र जपमाळ ओढत सावकाश, न थांबता चालले होते. शेवटी तर खूप पायऱ्या उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं!

दारात चपला, मोबाइल, कॅमेरा ठेवून आम्ही आत गेलो. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर आजोबा काहीतरी बोलले. नातवाने मला इंग्रजीत सांगितलं, "आजोबांनी खालून धूर पाहिला होता."

ती आग १९ एप्रिल १९९८ ची. मठाचा मोठा भाग जळून गेला. पण लोकांनी तो पूर्वीसारखाच पुन्हा बांधला. २००५ मध्ये काम पुरं झालं.

मुलगा भिंतीला हात लावून म्हणाला, "मॅडम, मग हा मठ जुना की नवा?"

आजोबा नुसते हसले. मी विचारात पडले. लाकूड नवं, रंग नवा. पण सुतारकाम, दगडकाम, चित्रकाम अशा तेरा कला भूतानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या जातात. त्यांना 'झोरिग चुसुम' म्हणतात. थिंपूमध्ये त्यांची शाळासुद्धा आहे. त्या येणारे हात होते, म्हणून मठ परत उभा राहिला. ते हात नसते, तर नुसत्या पैशाने काय झालं असतं?

तुमच्या गावातही असे हात असतील. कुणी सूप-टोपल्या विणत असेल, कुणी लाकडावर नक्षी कोरत असेल, एखादी आजी गोधडी शिवत असेल. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि निदान एक टाका, एक वीण शिकून घ्या.

आणि हो, मठ जुना की नवा, तुम्हाला काय वाटतं? आईबाबांशीही बोला आणि मला कळवा. तुमची उत्तरं मी त्या मुलाला पाठवणार आहे. तो वाट बघतोय!