वडस काढल्यावर अश्रूंचं काय?

सोलापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. ऊन तापलं की ठरावीक गिऱ्हाईक येतं : मंगळवेढ्याकडचा ज्वारीवाला, वीटभट्टीवरची बाई, रिक्षावाला. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर लालसर मांस चढलेलं. आमच्याकडे त्याला वडस म्हणतात. ‘मांस कापलं की सुटलो,’ असं प्रत्येकाला वाटतं. मला ते पटत नाही.

ऊन, धूळ, कोरडा वारा ही वडसाची कारणं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३७ अंशांपर्यंत हा त्रास जास्त. सोलापूर तर १८ अंशांच्याही आत. पण कापायचं ते मांस. डोळा खुपतो तो बऱ्याचदा अश्रूंच्या थरामुळे. हा थर नुसत्या पाण्याचा नसतो. तळाला चिकट स्राव, मध्ये पाणी, वर पापणीतल्या ग्रंथींचं तेल. वडसाच्या उंचवट्यापाशी पापणीला तो सारखा पसरवता येत नाही. खळ नीट न बसलेलं सूत मागावर तुटावं, तसा तो तुटतो. एरवी पापणी न लवता १० सेकंद तरी तो टिकायला हवा.

शस्त्रक्रियेनंतर हा वेळ वाढल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सगळ्यांचाच वाढतो असं नाही. वय, मधुमेह, पापणीतल्या ग्रंथी तुंबणं ही कारणं कापून जात नाहीत. शिवाय मांस परत वाढलं, तर झालेला फायदाही जातो. म्हणून कसं कापलं ते महत्त्वाचं. जागा उघडी सोडली तर वडस परतण्याचा धोका मोठा; त्याच डोळ्याचं, वरच्या पापणीखालचं पातळ आवरण तिथे कलम केलं तर बराच कमी. अमेरिकेतल्या केनयन आणि सहकाऱ्यांनी या कलमाचा अनुभव १९८५ मध्येच मांडला होता.

आपल्या शिबिरांत मोतीबिंदूंची मोजदाद होते. वडसाच्या रुग्णाच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं ठेवून अश्रू मोजायला मात्र कुणाला सवड नसते. ही तपासणी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, दोन्ही वेळा व्हावी, आकडा केसपेपरवर लिहावा. तेवढं झालं नाही, की माणूस मेडिकलमधून परस्पर लाली घालवायचे थेंब आणतो आणि महिनोन्महिने घालत बसतो. लाली दबते, कोरडेपणा तसाच. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो.

बाकी, उन्हात गॉगल लावा. मी तो विकतो म्हणून सांगतोय असं वाटलं, तर दुसऱ्या दुकानातून घ्या.