आज्ञा कोणाची?



एका वाचकभगिनीने मला विचारले आहे की, त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा आपल्या खोलीत संगणकावर चार ओळी लिहितो आणि दिवाणखान्यातील टेलिव्हिजनवर चाललेला चित्रपट तत्क्षणी थांबतो. ही काय किमया आहे, आणि तीत काही धोका आहे काय? प्रश्न घरगुती असला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात उरकण्यासारखे नाही.

दुरून टेलिव्हिजनला आज्ञा देण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीचे एक अभियंते यूजीन पॉली ह्यांनी 1955 साली ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचे साधन तयार केले. ती एक विजेरीच होती म्हणा ना. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाशाची जाणीव असलेले चार डोळे बसविलेले असत, आणि ज्या कोपऱ्यावर झोत पडेल त्याप्रमाणे यंत्र आवाज बंद करी अथवा कार्यक्रम बदली. अडचण एवढीच की, खिडकीतून ऊन आले आणि ते एखाद्या कोपऱ्यावर पडले, तर तीही आज्ञाच समजून यंत्र तिचे पालन करी! पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट ॲडलर ह्यांनी प्रकाश सोडून ध्वनी घेतला. लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे व माणसाच्या कानास ऐकू न येणारा नाद निघे. परंतु धातूच्या इतर वस्तू खुळखुळल्या तरी क्वचित तसाच नाद उमटे आणि यंत्र फसे. सूर्य कोणता आणि घरधनी कोण, हे सांगण्याची सोय त्या यंत्रात नव्हती.

आजचे साधन ह्याहून फार हुशार आहे. टेलिव्हिजनला जोडलेली डबी म्हणजे वस्तुतः एक छोटा संगणकच असून घरच्या नेटवर्कवर तिला स्वतःचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर निरोप पाठविला की ती तो वाचते व त्याप्रमाणे वागते. उदाहरणादाखल ‘कोडी’ हा कार्यक्रम घेऊ. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ह्या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी 2002 च्या सुमारास त्याचा आरंभ केला व 2014 साली त्याला आजचे नाव मिळाले. तो विनामूल्य आहे आणि रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतो.

कोडीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कवरून आज्ञा घेण्याची परवानगी दिली की तो एका ठराविक पोर्टवर, बहुधा 8080 क्रमांकाच्या, कान देऊन बसतो. निरोपाची भाषा जेसन-आरपीसी म्हणून ओळखली जाते. तिच्यात कृतीचे नाव आणि तपशील लिहावयाचा असतो. ‘प्लेअर डॉट ओपन’ म्हणजे अमुक चित्र लाव. ‘प्लेअर डॉट सीक’ म्हणजे अमुक तास, मिनिट व सेकंदावर जा. ‘प्लेअर डॉट स्टॉप’ म्हणजे बंद कर. प्रत्येक निरोपाला उत्तर येते. पायथॉन भाषेत हे सारे खरोखरच चार ओळींत मावते.

येथवर सर्व सोपे आहे. घोटाळा होतो तो ‘प्लेअर डॉट प्लेपॉज’ ह्या आज्ञेपाशी. नुसती ही आज्ञा पाठविली तर तिचा अर्थ ‘थांब’ असा होत नाही. ‘आहे त्याच्या उलट कर’ असा होतो. समजा, त्या भगिनींच्या मुलाने असा कार्यक्रम लिहिला की, दाराची घंटा वाजली की चित्रपट थांबावा. घंटा वाजली, आईने सवयीप्रमाणे रिमोटचे बटण दाबून चित्र थांबविले, एका क्षणाने मुलाची आज्ञा पोहोचली, आणि थांबलेले चित्र मोठ्या आवाजात पुन्हा सुरू झाले! दोघांचीही इच्छा एकच होती, तरी परिणाम उलटा. रिमोट हाती धरणारा मनुष्य पडदा पाहत असतो, म्हणून त्याला उलटापालटीचे बटण चालते, किंबहुना तेच सोयीचे. कार्यक्रमाला मात्र डोळे नसतात.

म्हणून त्याने आधी विचारावे. ‘प्लेअर डॉट गेटॲक्टिव्हप्लेअर्स’ ही आज्ञा सध्या काही चालू आहे काय ते सांगते, आणि ‘प्लेअर डॉट गेटप्रॉपर्टीज’ कडून गती कळते: गती 0 म्हणजे थांबलेले, 1 म्हणजे नेहमीच्या चालीने चाललेले. एवढ्यानेही भागत नाही, कारण प्रश्न आणि आज्ञा ह्यांच्या दरम्यानही कोणी बटण दाबू शकतो. कोडीत प्लेपॉजबरोबर ‘प्ले’ हा तपशील देता येतो. तेथे ‘फॉल्स’ लिहिले की अर्थ एकच उरतो: थांब, आणि थांबलेला असशील तर थांबलेलाच राहा. ती दहा वेळा पाठविली तरी बिघाड नाही. हे एवढे साधे असून नवशिके बहुधा नेमके हेच गाळतात.

आता धोक्याविषयी. 2019 च्या जानेवारीत दोन हॅकरांनी जगभरातील हजारो टेलिव्हिजनांवर आपला निरोप झळकविला. ते टेलिव्हिजन गूगलच्या क्रोमकास्ट डबीला जोडलेले होते किंवा तशीच सोय त्यांच्यात मुळातच होती. निरोप असा की, तुमचे यंत्र बाहेरून उघडे पडले आहे. आणि जाता जाता एका यूट्यूब कलावंताची जाहिरातही! ह्याचे कारण पुष्कळ घरांच्या राउटरमध्ये सापडले. यूपीएनपी नावाच्या सोयीमुळे राउटर घरातील यंत्राच्या सांगण्यावरून बाहेरचा दरवाजा आपण होऊन उघडतो. घरातले सगळे आपलेच, असे डबी धरून चालत होती. आणि दार उघडे राहिल्यावर परकाही घरातलाच ठरला. 1955 सालच्या त्या उन्हाची मला येथे आठवण होते.

कोडीत परवलीचा शब्द ठेवता येतो व ठेवावाच. परंतु साध्या एचटीटीपीवरून जाणारा शब्द पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा असतो. घरातल्या घरात तो पुरेसा आहे, घराबाहेर नाही.

धोक्याचा आणखी एक प्रकार आहे. त्याला हॅकर लागत नाही. बेळगावकडील माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात आजोबा अंथरुणास खिळलेले आहेत. रिमोटची बारीक बटणे त्यांना दाबवत नाहीत. नातू पुण्यास नोकरीला. आजोबांचे मन रमावे म्हणून त्याने पुण्याहूनच रोज सकाळी सात वाजता त्यांच्या खोलीतील पडद्यावर भक्तिगीते सुरू करण्याची व्यवस्था केली. हेतू अर्थात प्रेमाचा होता. पण काही दिवसांनी आजोबा खिन्न दिसू लागले. सुनेने खोदून विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले की, गाणी गोड आहेत, पण मला कोणी विचारीत नाही. माझ्या मते ही तक्रार हॅकरांच्या उपद्रवाहून अधिक गंभीर आहे. परक्याला दाराबाहेर ठेवता येते. नातवाला कसे ठेवणार?

नातू समजूतदार निघाला. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने बाहेरून येणारी वाट बंद केली आणि कार्यक्रम घरातील रास्पबेरी पायवरच ठेवला. त्याला एक मोठे, बशीएवढे बटण जोडून ते पलंगाच्या कडेस बसविले. सात वाजता कार्यक्रम प्रथम विचारतो, काही चालू आहे काय? चालू असेल तर गप्प राहतो. नसेल तर ‘जीयूआय डॉट शोनोटिफिकेशन’ ह्या आज्ञेने पडद्याच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट मजकूर दाखवितो: ‘आजोबा, गाणी लावू?’ तेवढ्यात बटण दाबले गेले तर गाणी लागतात. नाही तर काहीच होत नाही, व दुसरा प्रश्न दुसऱ्या दिवशी. गाणी चालू असता तेच बटण दाबले की थांबतात, पुन्हा दाबले की सुरू होतात. येथे उलटापालट योग्यच, कारण दाबणारा पाहतो आहे. पहिल्या आठवड्यात आजोबांनी चार दिवस बटण दाबले आणि तीन दिवस दाबले नाही, असे सूनबाईंनी मला हसत हसत सांगितले.

तेव्हा, भगिनी, मुलाला अवश्य लिहू द्या. ह्या निमित्ताने तो पुष्कळ शिकेल. फक्त राउटरमधील यूपीएनपी बंद आहे ना, कोडीला परवलीचा शब्द आहे ना, आणि आज्ञा ‘थांब’ अशी आहे की ‘उलट कर’ अशी, एवढे त्याला विचारून घ्या. जुना रिमोट मात्र टाकून देऊ नका. नेटवर्क बंद पडेल त्या संध्याकाळी तो लागेल.