चहाला कोणाला बोलवाल?



या वेळी आमच्या पुस्तक मंडळात एक सोपा वाटणारा प्रश्न ठेवला होता. पुस्तकातलं किंवा नाटकातलं एक पात्र घरी चहाला बोलवायचं झालं, तर कोणाला बोलवाल?

आमचं मंडळ म्हणजे दहा-बारा माणसं, महिन्यातून एकदा दाल बाजारातल्या एका काकांकडे जमणारी. खाली डाळींच्या गोण्या, वर आम्ही. नियम एकच होता, पात्र काल्पनिक हवं. त्यामुळे कोणीतरी हौसेने सुचवलेले महादजी शिंदे पहिल्या फटक्यात बाद झाले. (तसंही महादजींच्या दर्शनाला वानवडीला जावं लागतं. त्यांची छत्री पुण्यात आणि आपण इथे लष्करात!)

मुलांचं मत झटकन ठरलं : फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे एका जागी बसणारा नव्हे. गुलमर्गपर्यंत जाऊन गूढ उकलून आला, त्याला ग्वाल्हेरचा किल्ला काय लांब? माझी मुलगी चौथीत आहे. मराठी वाचताना अजून ओळीखाली बोट ठेवते. लिपी हिंदीचीच असल्यामुळे आपल्या मुलांचं एक बरं आहे, अक्षरओळख फुकटात होते. अडतं ते फक्त ‘ळ’पाशी. पण ‘ट्टॉक’ मात्र ती इतक्या जोरात वाचते की खालच्या दुकानात ऐकू जावं.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी चिमणरावांना बोलावलं. दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे त्यांच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाहीत. पण त्यांचं खरं कारण वेगळं होतं. चिं. वि. जोशींची बरीच वर्षं बडोद्यात, गायकवाडांच्या संस्थानात नोकरीत गेली. पुण्याबाहेर राहिलेल्या माणसाने पुण्याच्या मध्यमवर्गाला इतकं अचूक पकडावं, याचा काकांना जवळजवळ घरचा अभिमान आहे. चिमणराव आले की गुंड्याभाऊ येणारच, तेव्हा बहादुराचे लाडू दुप्पट आणावे लागतील, एवढीच अडचण.

‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबा लोखंडेला कोणीच बोलावलं नाही. मी मात्र त्याच्याबद्दल थोडा विचार केला, कारण आमच्या धंद्यात त्याच्या नात्यातली माणसं रोज भेटतात. अत्र्यांनी 1962 साली रंगमंचावर आणलेल्या या निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला माणसं फसवायला वेश बदलावे लागायचे, बोलण्याची ढब बदलावी लागायची, लग्नं करावी लागायची. केवढी मेहनत! आज त्याने घरी बसून एक सिमकार्ड घेतलं असतं आणि तुमच्या बाबांना ओटीपी विचारला असता.

मग एका काकूंनी यमूचं नाव घेतलं, आणि खोलीतली थट्टामस्करी थांबली.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. माहेर, सासर, समजूतदार नवरा, थोडे दिवसांचं सुख, मग वैधव्य आणि सक्तीचं केशवपन. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती वाचलेली नव्हती. काकूंनी ती लग्नानंतर दुपारच्या वेळी वाचली. कादंबरीत सासरच्यांना आवडत नाही तरी यमू लिहायला-वाचायला शिकते. काकूंचंही शिक्षण लग्नाने अर्धवट सुटलं होतं. त्या म्हणाल्या, “मला तिला काही विचारायचं नाही. चहा करून देईन आणि ऐकत बसेन. तिने कादंबरीच्या नावातच विचारलंय ना, कोण लक्षात घेतो म्हणून?” त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. त्यांच्या सुनेने, जी आतापर्यंत मोबाईलमध्ये होती, त्या कादंबरीचं नाव टिपून घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा मी काकाजींचं नाव घेतलं.

तरुण वाचकांपैकी ज्यांनी ‘तुझे आहे तुजपाशी’ पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुलंचं हे 1957चं नाटक इंदूरच्या एका बंगल्यात घडतं. तिथले काकाजी म्हणजे शिकार, मैफल, खाणंपिणं आणि माणसं यांत रमलेला दिलदार गृहस्थ. त्या घरात आचार्य येतात, आणि त्यांच्याबरोबर शिस्त, त्याग, साधेपणा. बाकीचं नाटक या दोघांच्या ओढाताणीचं. जुन्या पिढीला काकाजी म्हटलं की दाजी भाटवडेकर आठवतात.

आता मला काकाजींनाच का भेटायचंय? त्यांचं तत्त्वज्ञान पटतं म्हणून नाही. खरं सांगायचं तर सकाळी नऊच्या कॉलला बसणाऱ्या माणसाला काकाजींपेक्षा आचार्यांचं वेळापत्रक जास्त उपयोगी. मला ते आवडतात ते त्यांच्या बोलण्यासाठी. काकाजी मराठी बोलता बोलता हिंदीत जातात आणि परत येतात, मध्ये थांबून माफी मागत नाहीत. अगदी आपल्या घरात बोलतात तसं. आपण ‘पंखा लाव’ म्हणत नाही, ‘पंखा चालव’ म्हणतो. पुण्याला मावशीकडे गेलो की कोणीतरी हमखास म्हणतं, “तुमचं मराठी किती गोड आहे हं!” या ‘गोड’चा अर्थ कळायला मला बारा-तेरा वर्षं लागली. तेव्हापासून तिकडे गेलं की मी प्रत्येक वाक्य मनात एकदा तपासून मग बोलायचो. माझी मुलगी आता त्याच वयाकडे चालली आहे. सुट्टीत तिकडच्या भावंडांसमोर ती गप्प बसते आणि इंग्रजीत उत्तर देते. मराठी येत नाही म्हणून नाही, ‘तसलं’ येत नाही म्हणून.

मराठी पुस्तकांतली बहुतेक माणसं गिरगावात, सदाशिव पेठेत, कोकणात किंवा माणदेशात राहतात. त्यांच्याकडे आपण पाहुणे म्हणून जातो आणि नीट बसतो. काकाजींसमोर मात्र तिला पाय वर घेऊन बसता येईल, असं मला वाटतं.

यावर आमच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने हरकत घेतली, आणि ती मला बरोबर वाटली. तो म्हणाला, “दादा, काकाजी रईस माणूस आहे. बंगला आहे, शौक आहेत. त्यांची हिंदी लोकांना शानदार वाटते. माझी आजी तसंच बोलते, तर लोक हसतात. आजीसारखं कोण आहे पुस्तकात?”

आम्ही शोधत बसलो. दाल बाजारातच आर्टिस्ट कंबाइनचं नाट्य मंदिर आहे. गल्ल्याच्या बाजारात, पल्लेदारांच्या आणि हातगाड्यांच्या गर्दीत, मराठी नाटकाची हक्काची जागा. तिथल्या रंगमंचावर आपल्यातल्या कितीतरी जणांनी दुसऱ्या गावची माणसं उभी केली, आणि त्यासाठी घासूनपुसून तिकडची मराठी बोलली. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, मराठी कविता इथे राहून लिहिली गेली. पण जनकगंजातल्या भाड्याच्या घरात राहून शाळेत शिकवणारी, सायकलरिक्षावाल्याशी हिंदीत घासाघीस करून त्याच दमात नातवाला मराठीत रागावणारी बाई? कोणालाच नाव आठवलं नाही. तुमच्यापैकी कोणाला आठवत असेल तर जरूर कळवा.

मी त्या मुलाला म्हटलं, मग तूच लिही. त्याने “बघतो” म्हणून टाळलं. चार दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲप संदेश आला, दीड पान. आजी पहिल्याच वाक्यात ‘पंखा चालव’ म्हणते. दोन ठिकाणी ‘ल’चा ‘ळ’ केला, बाकी काही बदललं नाही. संपादकांनी जागा दिली तर पुढच्या अंकात वाचा.