झारचे अंडे आणि आमचा सोनार

यंदा दसऱ्याच्या सुमारास सोलापुरातील एका सराफी पेढीच्या काचेआड अंड्याच्या आकाराची पदके मांडलेली पाहिली. निळे मीनाकाम, वर सोन्याची जाळी, आणि खाली पाटी: 'रशियन राजघराण्याची कलाकुसर'. पाटी वाचून गिऱ्हाईक हरखून जात होते. ती पदके घडवली कोणी, हे मात्र कोणीच विचारले नाही.

मुळात ही कलाकुसर राजघराण्याची नव्हेच. झार फक्त पैसे मोजी. 1885 साली तिसऱ्या अलेक्झांडरने ईस्टरच्या सणाला राणीला भेट म्हणून पीटर्सबर्गच्या कार्ल फाबर्जेकडून पहिले अंडे करवून घेतले. पुढे राजघराण्यासाठी अशी सुमारे 50 झाली. त्यांतील कितीतरी घडवली ती मिखाईल पेर्खिन आणि हेन्रिक विगस्ट्रॉम या उस्तादांच्या कार्यशाळांनी. पेर्खिन हा शेतकऱ्याचा मुलगा. पण त्याच्या कार्यशाळेतल्या अनेक वस्तूंवर त्याची आद्याक्षरे ठोकलेली आजही दिसतात. हाताखालच्या कारागिरांची नावे तिथेही बुडाली, हे कबूल. निदान उस्तादाचे तरी राहिले. 1917 साली झारचे तख्त गेले, 1920 साली फाबर्जे परमुलखात वारला; ती अक्षरे उरली आहेत.

आणि आमच्याकडे? 2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. मानक संस्थेचे चिन्ह, सोन्याचा कस आणि 6 अक्षर-अंकी क्रमांक. ठीक झाले, गिऱ्हाइकाची फसवणूक टळली. पण बोरमाळेचे पोकळ मणी घडवून त्यांत लाख भरणारा माणूस त्या शिक्क्यात कुठे आहे? पावतीवर घडणावळ असते, घडवणारा नसतो.

कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाला कसाशी मतलब, नाव घेऊन काय करायचे? हा सवाल सोलापूरकराने तरी करू नये. परगावची चादर 'सोलापुरी' म्हणून विकली गेली की आमचे पित्त खवळते. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. गावाच्या नावाला जो मान, तो हाताच्या नावाला का नको?

रशियाचे अनुकरण करायचेच, तर अंड्याचे कशाला? त्या आद्याक्षरांचे करावे. पेढीवाल्यांनी पावतीवर कारागिराचे नाव घालावे. त्याला काही खर्च येत नाही. आणि ते आपण होऊन घालणार नाहीत, म्हणून या पाडव्याला गुंजभर सोने घेतानाही गिऱ्हाइकाने विचारावे, "हे घडवले कोणी?"