कावळ्याला विचारण्याआधी

‘आजी झोपलीय गं, उद्या बोल.’ हे वाक्य मी सलग चार दिवस फोनवर ऐकलं. सेकंड इयरची सेमिस्टर एक्झाम चालू होती. मी पुण्याला होस्टेलवर, घर वाईला. शेवटचा पेपर टाकून स्वारगेटहून एसटी पकडली. वाईच्या स्टँडवर न्यायला काका आला होता. त्याचं तुळतुळीत डोकं बघितलं आणि मग कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

‘तुझ्या पेपरवर परिणाम नको म्हणून नाही सांगितलं,’ आई म्हणाली. असं फक्त माझ्याच घरी झालेलं नाही, हे आता मला माहितीय. तुमच्या होस्टेलमध्ये विचारून बघा. कुणाचे आजोबा, कुणाची मावशी, ‘परीक्षा झाल्यावर सांगू’ या यादीत गेलेलं कुणी ना कुणी निघेलच.

पण खरा घोळ पुढेच आहे. त्याच्या दोन वर्षं आधी गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने नेत्रदानाचा कॅम्प लावला होता. आजीने माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. ‘मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात का गं?’ असं तिने टेबलामागच्या मुलीला विचारलं आणि चालतात म्हटल्यावर एकदम खूश झाली. घरी येताना मला म्हणाली, ‘तुझ्या बापाला आत्ता नको सांगूस, अभद्र बोलू नकोस म्हणून ओरडेल. वेळ आली की तू सांग.’ कार्ड तिने पोथीत ठेवलं. वेळ आली तेव्हा मी इकॉनॉमिक्सच्या नोट्स घोकत होते. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. मला कळलं चौथ्या दिवशी.

आई-बाबांवर मी खूप चिडले. पण मलाही बोलायला दोन वर्षं होतीच की! मीही नाहीच बोलले.

दहाव्याला मी हट्टाने घाटावर गेले. कावळा पिंडाला शिवेना. मग नेहमीसारखं सुरू झालं. ‘नथ धाकट्या नातीला देऊ.’ ‘पंढरपूरला तुझ्या नावाने जाऊन येऊ.’ ‘म्हशीला नीट सांभाळू.’ एकेक जण हात जोडून अंदाज बांधत होता. मी मागे उभी. मला उत्तर माहीत होतं, पण ते सांगून आता कुणाचाच फायदा नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. (यात मी काही अर्थ शोधत नाहीये. त्या दिवशी घाटावर पाच घरांची पिंडं होती, कावळ्यांची पोटं भरलेली असणार.) पण एक विचार मात्र डोक्यातून जात नाही. ज्या माणसाबरोबर आपण रोज चहा प्यायलो, त्याला काय हवं होतं हे आपण तो गेल्यावर दहाव्या दिवशी कावळ्याला विचारतो. आधी त्यालाच विचारलं असतं तर?

नाही विचारत आपण. कारण वास्तू तथास्तु म्हणते. कारण ‘शुभ बोल रे नाऱ्या’. कारण दिवेलागणीला असले विषय काढायचे नसतात, सकाळी उठल्या उठल्या काढायचे नसतात आणि सणासुदीला तर नाहीच नाही. मग उरतो कोणता मुहूर्त? गंमत म्हणजे फॅमिली ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा हात जोडलेला स्टिकर पाठवायला आपल्याला दोन सेकंद लागतात.

मला वाटतं, हा विषय घरात तुम्हीच काढायला हवा, म्हणजे अठरा-वीसच्या वयाच्या मुलांनी. आई-बाबा स्वतःच्या आई-बाबांकडे काढणार नाहीत, त्यांना ते कृतघ्नपणाचं वाटतं. आजी-आजोबा मात्र बहुतेक वेळा तयारच असतात, त्यांना ऐकणारा हवा असतो. नातवंडांना थोडी सूट असते, ती वापरा.

विचारायचं काय? अगदी साधं. डोळे द्यायचेत का? चष्मा असो, मधुमेह असो, वय ऐंशी असो, तरी चालतं. देहदान करायचंय का? त्यासाठी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. शेवटी फोन घरच्यांनी करायचा असतो आणि सही घरच्यांचीच लागते. घरच्यांना माहीत नसलेलं कार्ड म्हणजे पोथीतली खूण, आमच्या घरी झालं तसं.

मग अंत्यसंस्कार. लाकडावर की विद्युतदाहिनीत? पारंपरिक चितेला तीनेकशे किलो लाकूड लागतं, हे ऐकून माझ्या एका शेजारच्या आजोबांनी तिथल्या तिथे दाहिनीचं नक्की केलं. कुणाला सगळे विधी साग्रसंगीत हवे असतात, कुणाला तेराव्याच्या खर्चात एखाद्या मुलीची फी भरलेली आवडेल. अग्नी कुणी द्यायचा? मुलीने दिलेला चालेल का? हे प्रश्न त्या सकाळी अंगणात, चार नातेवाईक चार दिशांना ओढत असताना सुटत नाहीत. तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. आणि माझं म्हणणं ‘विधी नकोत’ असं अजिबात नाही. ज्याचे विधी, त्याची निवड, एवढंच.

सगळ्यात अवघड प्रश्न हॉस्पिटलचा. अरुणा शानबाग यांची केस तुम्ही ऐकली असेल. मुंबईच्या केईएममधल्या या परिचारिकेवर १९७३मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर २०१५पर्यंत, तब्बल ४२ वर्षं, त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना जाऊ द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांनी त्याला विरोध केला आणि २०११मध्ये न्यायालयाने तो अर्ज नाकारला. भलं दोन्हीकडच्यांना अरुणाताईंचंच हवं होतं. पण त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे सांगण्याच्या स्थितीत त्या नव्हत्या. आज आपण सांगून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं. बरं होण्याची आशाच नसेल तर कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. आधी त्याला मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. वयाची अट अठरा पूर्ण. म्हणजे तुम्हीसुद्धा करू शकता. घाई नाही, पण माहीत असू दे.

आणि मित्रांबद्दल. माझ्या बॅचमेटचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला ‘स्ट्राँग राहा’ असा मेसेज टाकला आणि तो कॉलेजला आल्यावर त्याच्यासमोरून हळूच सटकायला लागलो. काय बोलायचं हेच कळेना. नातेवाईक तर एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगत होते, ‘आता घरातला कर्ता तूच, रडायचं नाही.’ त्याने मला नंतर सांगितलं, सगळ्यात बरं वाटलं ते एका जर्नल लिहून देणाऱ्या मुलीमुळे. आणि मेसच्या मामांमुळे. त्यांनी ताट वाढताना एकदाच विचारलं होतं, ‘बाबांना काय आवडायचं रे जेवायला?’ बाकी कुणी वडिलांचं नावच काढत नव्हतं, जणू ते कधी नव्हतेच. तेव्हा पहिल्या आठवड्यात गर्दी करू नका. तिसऱ्या महिन्यात जा, तेव्हा कुणीच येत नाही. बाबांबद्दल विचारा. तो रडला तर रडू द्या, तुमचं काही चुकलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी घरी गेले तेव्हा आई मेथी निवडत होती. मीही जुडी ओढली आणि विचारून टाकलं, ‘आई, तुझं काय?’ तिने आधी ‘गप गं’ म्हटलं. अर्धी जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, ‘डोळे द्या. व्हेंटिलेटरवर आठवडे ठेवू नका. आणि तेराव्याला श्रीखंड करू नका, मला कधीच आवडलं नाही.’ आत बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला. ‘माझं पण लिहून घे,’ म्हणाले, ‘पण जेवल्यावर.’