काका, डिपॉझिट?

मे-जून आला की कर्वेनगर, धनकवडी, आंबेगाव या भागातल्या सोसायट्यांच्या गेटबाहेर गाद्यांच्या वळकट्या दिसायला लागतात. सुतळीने बांधलेल्या. शेजारी एक बादली, तिच्यात मग, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड कोंबलेला. कॉलेज संपलं, फ्लॅट सोडला, पोरगं निघालं गावाकडे. यावर हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. रात्री दोनचा चहा, मॅगी, गच्ची, कुणाचं तरी प्रेमप्रकरण वगैरे वगैरे. ते त्यांनी लिहावं. मला डिपॉझिटबद्दल लिहायचंय.

माझं मत सरळ सांगतो. घरी परत निघालेल्या विद्यार्थ्याचं डिपॉझिट कापणं हा आपल्याकडे सभ्य, सुशिक्षित लोकांनी चालवलेला जोडधंदा आहे आणि तो 'काका' या एका शब्दावर चालतो.

म्हणजे बघा, मालकाला आपण पहिल्या दिवसापासून काका म्हणतो. काकू गणपतीत मोदक देतात, दिवाळीत चिवडा देतात. पोरगं आजारी पडलं तर डॉक्टरचा नंबरही देतात. हे सगळं खरं असतं हो, त्यात नाटक नसतं. पण एकदा माणूस काका झाला की त्याच्याकडे पावती मागता येत नाही. "काका, रंगाचं बिल दाखवता का?" हे वाक्य वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडून निघतच नाही. निघालं तर काकांना वाईट वाटतं. मग पोरालाही वाईट वाटतं. आणि पैसे काकांकडेच राहतात.

आता या पैशांची गंमत बघा. विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये डिपॉझिट मालकाकडून परत मिळतच नाही, ते मिळतं पुढच्या पोराकडून. एक कॉट रिकामी होणार असली की जाणाऱ्याने 'रिप्लेसमेंट' शोधायची, नव्या पोराने त्याच्या हातात दहा हजार ठेवायचे, की हा मोकळा. मालकाला फक्त एक फोन. अशी पाच-सहा वर्षं माणसं बदलत राहतात. करारावर ज्याचं नाव असतं तो केव्हाच बंगळूरला गेलेला असतो आणि अकरा महिन्यांचा करार कधीच संपलेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक जण फक्त पुढच्याला ओळखतो. आणि जेव्हा मालक म्हणतो, "यंदा सगळे निघा, मला फ्लॅट फॅमिलीला द्यायचाय," तेव्हा शेवटी जे सहा जण उरलेले असतात, त्यांच्या नावावर आधीच्या सगळ्यांचे खिळे, डाग आणि तुटलेले नळ जमा होतात.

यंदा असा शेवटचा नंबर माझ्या मावसभावाच्या फ्लॅटचा लागला. टू बीएचके, सहा पोरं, डिपॉझिट एकूण 60,000. हा लातूरकडचा. इंजिनिअरिंग झालंय, प्लेसमेंट झालेली नाही. घरी जाऊन काही महिने अभ्यास करायचा आणि मग बघायचं, असं ठरलं होतं. (याला आमच्या नातेवाइकांत 'परत आला' म्हणतात. नोकरी लागून गेला असता तर 'घरी येऊन गेला' म्हणाले असते. असो.) रात्री दहाची ट्रॅव्हल्स होती. मी गाडी घेऊन सामान न्यायला गेलो होतो. मालक किल्ली घ्यायला आले साडेसातला. वेळ मुद्दाम निवडली होती असं मी म्हणणार नाही, पण त्या वेळेचा फायदा कुणाला होतो हे कळायला फार हुशारी लागत नाही.

काकांनी खिशातून कागद काढला. रंगकाम 25,000, सफाई 5,000, किचनच्या ट्रॉलीची दुरुस्ती 4,000, लाइट बिल 2,600. एकूण 36,600. उरले 23,400, म्हणजे माणशी 3,900. "तुम्ही मुलं चांगली होतात म्हणून पंख्याचं काही लावलं नाही," हेही वर सांगितलं.

भाऊ गप्प. बाकीची दोघं तर "ठीक आहे काका" म्हणून मोकळी झाली होती. मी त्याच्याकडे बघितलं तर तो हळूच म्हणाला, "दादा, पप्पांना काय सांगू?" त्याच्या वडिलांनी तीन वर्षांपूर्वी ते दहा हजार सोयाबीन विकून दिले होते, आणि घरी प्रत्येक रुपयाचा हिशोब वहीत असतो. नोकरी नाही हे सांगायची तयारी त्याने महिनाभर केली होती. डिपॉझिटचीही बातमी द्यावी लागेल, हे त्याच्या गणितात नव्हतं.

मग मी विचारलं, रंग शेवटचा कधी दिला होता? काका प्रामाणिक माणूस, म्हणाले चार वर्षं झाली. म्हणजे पोरं राहिली नसती तरी आता रंग द्यावाच लागला असता. ऑफिसचा लॅपटॉप चार वर्षांनी परत करताना कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली म्हणून आपल्या पगारातून नवा लॅपटॉप वसूल करतात का? वापरल्याने वस्तू झिजते. झिजण्याचे पैसे भाड्यात येतात. मोडण्याचे वेगळे. हा फरक काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी असं म्हटलंय, पण रास्त वापराने होणारी झीज त्यातून वगळलीय. आपले बहुतेक करार 'लीव्ह अँड लायसन्स'चे असतात आणि कायद्याच्या भाषेत ते भाडेपट्ट्यापेक्षा वेगळे, पण तत्त्व तेच लावायला कुणाची हरकत असावी?

करारावरून आठवलं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा महाराष्ट्रातला एक लाडका गैरसमज आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवायचे, हा 1908 च्या नोंदणी कायद्यातला नियम. त्यातून पळवाट म्हणून 'अकरा महिने' आले. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ती पळवाट केव्हाच बुजवलीय. लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'आमच्याकडे कागदच नाही' म्हणून घाबरणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अर्थात वीस हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही, हे मलाही कळतं. माझा एक मित्र कॅलिफोर्नियात एमएस करून परत आला. तिथे जागा सोडल्यापासून 21 दिवसांत डिपॉझिट परत द्यायचं किंवा कशाचे किती कापले याची कलमवार यादी द्यायची, असा कायदा आहे. तो भारतात पोचल्यावर त्याचा चेक रूममेटच्या पत्त्यावर आला, सोबत यादी. कार्पेट साफ करायचे पैसे कापले होते आणि त्यावर तो आजही चिडतो. पण यादी होती! इंग्लंड-वेल्समध्ये तर 2007 पासून डिपॉझिट मालकाला मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं. आपल्याकडे केंद्राने 2021 मध्ये नमुना भाडेकरू कायदा आणला, त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट म्हटलंय. पण तो नमुनाच. राज्याने उचलला तर लागू.

मालकांची बाजू नाही असं नाही. सहा पोरांच्या फ्लॅटचं संडास-बाथरूम ज्याने बघितलंय तो मालकांना दोष देताना जरा थांबेल. पोरं बिल न भरता पसार होतात, भिंतीवर क्रिकेट खेळतात, सोसायटीचे सेक्रेटरी मालकाचं डोकं खातात. शेवटचे दोन महिने भाडंच न देता "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणायची पद्धत पोरांनी काढलीय. मला ती आवडत नाही, पण ती का निघाली ते समजतं. ज्याला परत मिळण्याची खात्री नाही, तो आधीच वसूल करतो. मग मालक पुढच्या बॅचकडून जास्त डिपॉझिट घेतो. दोघंही एकमेकांना शिकवतात.

मला जास्त टोचतं ते आपल्या पिढीचं वागणं. हे वाचणाऱ्यांपैकी कितीजण कॉट बेसिसवर राहिलेत? आणि कितीजणांचा आता वाकड, बाणेर, खराडीत 'इन्व्हेस्टमेंट'चा दुसरा फ्लॅट आहे? आमच्या कँटीनमध्ये जेवताना एकजण सांगत होता, टेनंट बदलला की रंगाचे पैसे कसे 'निघून' येतात. रंग प्रत्यक्षात दर दुसऱ्या टेनंटला देतो म्हणे. टेबलावर सगळे हसले. त्यातल्या निदान तिघांचं कॉलेजात असताना असंच कापलं गेलेलं आहे, मला माहीत आहे. आपण काका कधी झालो कळलंच नाही.

मी त्याला एवढंच म्हटलं की आठ दिवस आधी फ्लॅट बघून ये, काय कापणार ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव. आणि पोरं राहायला येतील त्या दिवशी त्यांच्यासमोरच सगळ्या खोल्यांचे फोटो काढ, दोघांकडे राहू देत. खर्च शून्य. तो म्हणाला, "मग भाव करत बसतील रे." करू देत की! हिशोब म्हटला की भाव होणारच.

तर त्या संध्याकाळी आमचाही भाव झाला. लाइट बिल, सफाई, ट्रॉली आम्ही मान्य केली. ट्रॉली खरंच मोडलेली होती. रंगाचे 25,000 वरून 10,000 वर आले. चौथ्या वर्षी तेही जास्तच, पण ट्रॅव्हल्स चुकली असती. एकूण 38,400 परत, माणशी 6,400. काकांनी तिथेच यूपीआय केलं, जरा तुटकपणे, आणि किल्ली घेऊन गेले. काकू खाली भेटल्या, त्यांनी प्रवासासाठी डबा दिला होता.

माणशी 3,600 चा खड्डा राहिलाच. भावाने बसमधूनच आधीच्या सगळ्या राहिलेल्यांना शोधून एक ग्रुप काढला आणि हिशोबाचा फोटो टाकला. खिळे कुणाचे, ट्रॉली कुणाच्या काळात मोडली, यावर दोन दिवस धमाल वाद झाला. आजपर्यंत 7,500 जमा झालेत. करारावर ज्याचं नाव आहे त्याने मेसेज वाचलाय, निळी टिक दिसतेय.